उभं खेळणारं पोर

काशीगावात जंगलालगतच्या स्वस्त खोल्या दाखवणारा एक माणूस होता. बोलणं अखंड, पण पाठ कधी झाडीकडे करायचा नाही. भाडं परवडणारं म्हणून मी बायको-पोरीला घेऊन गेलो.

"हवा बघा दादा, पानी बघा," असं त्याचं चालू होतं. पोर अंगणात खडे वेचायला उकिडवी बसली, तसा तो बोलणं टाकून धावला आणि तिला खांद्यावर घेतलं.

"खाली बसलेलं पोर त्याला बकरीवानी दिसतं." वाघाचं नाव त्याने तोंडात घेतलं नाही.

बायको म्हणाली, "अहो, इथे नको."

मी कोकणातला, भितो कशाला? खोली घेतली. तो भाडं न्यायला आला, की आधी पोर शोधायचा.

माझी पोर मात्र त्या अंगणात कायम उभ्यानेच खेळली.