आमच्या निखिलची याददाश

आमच्या निखिलची याददाश गेली तेव्हा तो मोर्शीच्या बागेत संत्र्याच्या फांद्यांना बांबूचे टेकू लावत होता, आणि ही गोष्ट त्याला कोणीही कळवली नव्हती.

कळवणार कोण? ती मीच घालवली होती. अमरावतीत, भर दुपारी, पलंगावर आडवी पडून, फोनवरून.

झालं असं की अकोल्याला माझ्या मोठ्या बहिणीचं, कमलताईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला टीव्ही बंद केला, मोबाइल बंद केला, तिखटही बंद केलं. तिखटाचं तिला फार वाईट वाटलं नाही. पण आम्ही दोघी त्या वेळी एक कोरियन मालिका हिंदीत बघत होतो, आणि ऑपरेशन नेमकं अशा ठिकाणी आलं की नायक जिन्यावरून गडगडत खाली गेला होता आणि उठल्यावर स्वतःच्या ड्रायव्हरला ‘आपण कोण?’ असं विचारत होता.

“माहा डोळा राहो का जावो,” ताई फोनवर म्हणाली, “पण त्या पोट्ट्याचं काय झालं, ते मले सांगत जाय.”

मी सांगत गेले. शुक्रवारी भाग यायचा, शनिवारी दुपारी मी तो ताईला सांगायची. (नुसता सांगायची नाही. वारा सुटला की मी तोंडाने वारा काढायची. आमचे हे म्हणतात, मूळ भागापेक्षा माझा भाग जास्त वेळ चालायचा.) अडचण एकच होती, नावांची. कोरियन माणसांची नावं कानाला सगळी सारखीच लागतात. “हा कोनता व? पडलेला का पाडलेला?” असं ताई दर मिनिटाला विचारायची. शेवटी मी त्या सगळ्यांचं बारसं केलं. नायकाचे केस आमच्या निखिलसारखे कपाळावर येत, म्हणून तो निखिल झाला. त्याची कंपनीवाली करारी आजी म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांची राजधानी म्हणजे नागपूर. आणि त्यांच्यात लग्नाआधी अंगठी घालतात त्याला मी साक्षगंध म्हणायची, कारण वऱ्हाडात साखरपुड्याला आम्ही तेच म्हणतो.

आता खऱ्या निखिलबद्दल सांगायला हवं. शेतीत एमएस्सी झालेला, निर्व्यसनी, स्वतःची बाग, रोपवाटिका. पण मुलीकडचे यायचे, पोहे खायचे, बागेचे फोटो बघायचे आणि विचारायचे, “ते सगळं ठीक आहे, पण पोरगा करते काय?” शेती करते म्हटलं की त्यांना एकदम परतीची गाडी आठवायची. चार वर्षं आम्ही असे पोहे करत होतो. शेवटी अकोल्याच्या गौरीने, शाळेत गणित शिकवते ती, निखिलला सरळ सांगितलं, “मले शेतकरीच चालते. फक्त बोलत जा थोडं.” निखिल एवढा आनंदला की दिवसभर बोलला नाही. साक्षगंध महिन्याभराने धरायचं ठरलं. हे स्थळ हातचं गेलं असतं तर मी पुन्हा पोहे भिजवले असते की नाही, सांगता येत नाही.

तर त्या शनिवारी ताई डोळ्यांत औषध घालून, डोळे गच्च मिटून पडली होती, फोन उशाशी, आवाज मोठा. आणि गौरीची आत्या, शकूआत्या, नव्या सोयरिकीतलं दुखणं म्हणून तिला भेटायला आली. दार उघडं होतं. ताईला ती दिसली नाही. आत्याला मात्र मी ऐकू आले. (हे सगळं मला पुढे कळलं.)

मी सांगत होते, “निखिल तं डोक्यावर पडला न ताई. आता पुरीच याददाश गेली. जिच्याशी लगन ठरलं, तिलेच म्हणते, बाई तू कोन?”

“अरे बाप्पा. मंग?”

“मंग काय. डॉक्टर म्हणे, आता हा असाच राहीन. तं आमच्या सासूबाई म्हणतात, पोरीकडच्याइले काही कळू द्याचं नाही. आदी साक्षगंध उरकून टाका.”

“चांगलं केलं,” ताई म्हणाली. “एकदा अंगठी घातली की जातीन कुठं.”

शकूआत्याने आणलेली केळी उंबऱ्यावर ठेवली आणि ती पाय न वाजवता परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीच्या वडिलांचा, वासुदेवरावांचा, फोन आला. “सहज येऊन राहिलो,” ते म्हणाले. अकोल्याहून अमरावतीला सहज कोणी येत नाही. पण मी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळायला घेतल्या. वासुदेवराव, त्यांच्या मिसेस, शकूआत्या आणि खुद्द गौरी अशी चौघं उतरली. चौघांचे चेहरे कोणाच्या तेराव्याला आल्यासारखे.

तेवढ्यात निखिल बागेतून आला. कपाळावर पट्टी. सकाळी बांबू निसटून लागला होता, टाका नाही, काही नाही. पण ती पट्टी बघून गौरीच्या आईने पदर तोंडाला लावला.

“बसा बाळा,” वासुदेवराव त्याला म्हणाले. फार हळू, एकेक अक्षर सुटं करून. “मले, ओळखता, का?”

निखिल गोंधळला. “हो. म्हणजे... तुमी वासुदेवकाका.”

“आज, वार, कोनता?”

आता बागाईतदाराला वार विचारू नये. त्याला पाणी कधी दिलं ते विचारावं, फवारणी विचारावी. निखिल छताकडे बघत पुटपुटला, “परवा पंपाची लाइट रातची होती, म्हणजे काल... मंगळवार?”

रविवार होता. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आन् आमच्या पोरीचं नाव?”

निखिल कानापर्यंत लाल झाला. गौरी समोर बसलेली, तिच्या बापादेखत तिचं नाव कसं घ्यायचं? तो जमिनीकडे बघत म्हणाला, “तुमाले माहीत असीन न.”

मी हे सगळं दारातून ऐकत होते. जो माणूस वार विचारतो, मला ओळखता का विचारतो, स्वतःच्या मुलीचं नाव दुसऱ्याला विचारतो, त्याला काय झालंय हे कळायला मला डॉक्टर लागत नव्हता. मी सोळा भाग पाहिले होते. मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

“इवाईची याददाश गेली.”

“कोनाची?”

“वासुदेवरावाची. पोरीचं नाव आठवून नाही राहिलं त्याइले. आन् हे लोक आपल्यापासून लपवून राहिले.”

ह्यांनी एक सांबारवडी तोंडात टाकली, विचार केला आणि म्हणाले, “मंग मानपानाचंबी भुलतीन.” पण माणूस मनाने चांगला आहे. बाहेर जाऊन त्यांनी वासुदेवरावांच्या हातात स्वतः पेला दिला. “हे पाणी आहे, भाऊ. प्याचं असते. घाई नाही.”

वासुदेवरावांनी पेल्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि मग शकूआत्याकडे. या घरात दुखणं एकट्या पोराला नाही, बापापासून आलेलं आहे, असा त्यांचा समज झाला हे आता मला कळतं. तेव्हा आम्ही सगळेच एकमेकांशी फार प्रेमाने आणि मोठ्याने बोलत होतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटलं असतं, बहिऱ्यांचं संमेलन भरलंय.

शेवटची परीक्षा शकूआत्याने घेतली. तिने पिशवीतून एक फळ काढलं, निखिलच्या नाकासमोर धरलं आणि लाडाने विचारलं, “बाळा, हे काय आहे? सांगतं का? संत्रं आहे न?”

निखिलने ते हातात घेतलं. फिरवलं. नखाने साल टोकरली, वास घेतला आणि खिन्नपणे म्हणाला, “हे संत्रं नाही.”

“नीट पाय बाळा.”

“पायलं. हे संत्रं नाहीच.”

गौरीच्या आईचा बांध फुटला. मोर्शीच्या संत्रेवाल्याचा पोरगा, जन्म बागेत गेलेला, आणि त्याला संत्रं ओळखू येईना! (ते पंजाबातून येणारं किनू होतं. आत्याने वाटेत गाडीवरून घेतलं होतं. किनूला संत्रं म्हणणारा माणूस निखिलच्या मते एक तर परप्रांतीय असतो किंवा व्यापारी. पण तो कमी बोलतो, त्यामुळे हे सांगायचं राहून गेलं.)

वासुदेवराव उठले. “बाई, पोराची तब्येत हा देवाचा खेळ आहे. पण तुमी लपवून साक्षगंध उरकून राहिले, हे चांगलं नाही केलं. हे सोयरीक आता इथंच थांबते.”

मी हातातलं ताट आपटून ठेवलं. “आमी लपवलं? लपवलं तं तुमी.”

“आमी काय लपवलं?”

“तुमची याददाश.”

वासुदेवरावांनी शकूआत्याला पुढे केलं. मग शकूआत्याने हात नाचवत सगळं बाहेर काढलं. तिने माझा फोन ऐकला होता, आणि त्यानंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही दाराआडून ऐकलेल्या माझ्या कहाण्या तिने गोळा केल्या होत्या. “पोरगा डोक्यावर पडला. हिरव्या बाटलीतली पेते. कंपनीच्या मालकिनीचा नातू म्हणून सांगते. एका पोट्टीले पाठुंगळी घेऊन भर रस्त्यानं फिरते.”

निखिलने पहिल्यांदाच मान वर केली. “मी?”

“आन् मंग,” गौरी एकदम म्हणाली, “तो तिले समुद्रावर घेऊन गेला का, आत्या?”

“गेला न. कमलताईचे शेजारी सांगत होते.”

“अमरावतीत समुद्र कुठं आहे?”

आत्या बोटांवर गावं मोजायला लागली. गौरीने ओठ दाबून हसू आवरलं. ती मालिका ती पण बघत होती, आणि आमच्यासारखी हिंदीत आठवड्याला एक भाग अशी वाट बघत नाही. मूळ कोरियनमध्ये, खालची इंग्रजी अक्षरं वाचत. “बाबा, याददाश यांची नाही गेली. मालिकेतल्या पोराची गेली. मी तर ते शेवटपर्यंत पायली.”

तो क्षण असा होता. मुलाचं लग्न उंबऱ्यावर अडलेलं. व्याही उभे, पायात चपला घालायच्या बेतात. विहीणबाई रडतायत. माझ्या नवऱ्याने अजूनही पाण्याचा पेला पुढे धरलेला. कोणत्याही आईने हात जोडून माफी मागितली असती. मी दोन पावलं पुढे झाले, गौरीचा दंड धरला आणि म्हटलं,

“शेवटपर्यंत? मंग त्याले तिची आठवण येते का व?”

विहीणबाईंनी तोंडावरचा पदर काढला. वासुदेवरावांच्या मिशा थरथरल्या, आणि मग ते जे हसत सुटले ते खाली बसूनच थांबले. निखिलने संधी साधून त्यांना ते फळ दाखवलं आणि किनूबद्दल जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं. गौरीने ऐकलं. नंतर तिने मला सांगितलं, त्याला इतकं बोलताना तिने तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

मी मात्र तिचा दंड सोडला नव्हता. “सांग न. येते का आठवण?”

“आता नाही सांगत,” ती म्हणाली. “साक्षगंध होऊ द्या, मंग सांगीन.”

वासुदेवराव महिन्याभराने म्हणत होते. मी म्हटलं, येत्या गुरुवारी. ते म्हणाले, एवढ्या लवकर हॉल मिळत नाही. मी म्हटलं, अंगण आहे. त्यांना पंचांग बघायचं होतं, ते मी बघून ठेवलं. गुरुवारी अंगठ्या झाल्या आणि शुक्रवारचा भाग यायच्या आत मला शेवट कळला.

वासुदेवराव अजून चारचौघांत सांगतात, सुनेसाठी इतकी उतावीळ झालेली सासू आपण वऱ्हाडात पाहिली नाही. मी पदर सावरून खाली बघते. सून मला हवीच होती, पण त्या आठवड्यात तिच्याकडे जे होतं ते जर तिच्या आत्याकडे असतं, तर मी निखिलचं साक्षगंध आत्याशी लावून दिलं असतं.