साहेबांची वेगळी लाइन

माझा नवरा वायरमन. कुठे लाइट गेली की लोक आधी यांना शिव्या घालतात, मग फोन करतात. कामाला वाघ माणूस, पण साहेबांचं नाव निघालं की शेळी. साहेब म्हणजे आमच्या शहराचे सर्वेसर्वा. दर निवडणुकीला त्यांच्या सभेत दिव्यांच्या माळा लावायला आमचे हे फुकट हजर. मी म्हणायची, "अहो, त्या घरातून कपभर चहा तरी मिळतो का तुम्हाला?" तर म्हणायचे, "तुला राजकारणातलं काय कळतं?" नव्हतंच कळत. मला माणसं कळतात.

साहेबांचा बंगला आणि सरकारी हॉस्पिटल समोरासमोर, एकाच लाइनीवर. त्यामुळे तिथली लाइट सहसा जायचीच नाही. गेलीच तर बंगल्यावरून असा फोन यायचा की इंजिनियरसाहेब चपला विसरून पळायचे. आयतंच हॉस्पिटलचंही भागायचं. पण कोणीतरी साहेबांचे कान भरले, की हॉस्पिटलच्या मशिनी वीज ओढतात म्हणून तुमचा एसी नीट चालत नाही. झालं! बंगल्याला वेगळी लाइन पाहिजे. हॉस्पिटलला ढकललं बाजाराच्या जुन्या लाइनीवर, कावळा बसला तरी बंद पडणाऱ्या. आणि हे काम केलं कोणी? आमच्याच दिवट्यानं. साहेबांनी पाठीवर थाप मारली, तर तो शर्ट धुवायला टाकेनात.

मग ताई आजारी पडल्या. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा लोकांच्या शर्टांना काजं-बटणं करून या बाईनं धाकट्या भावाला वाढवलं, शिकवलं. स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही. श्वास घेता येईना म्हणून त्यांना त्याच सरकारी हॉस्पिटलात मशीनवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "एवढा आठवडा निघाला तर उठून बसतील."

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी लाइट गेली. मशीन थांबलं. नर्स ओरडली, "जनरेटर लावा!" वॉर्डबॉय म्हणाला, "तो साहेबांच्या विजयसभेला नेलाय." नर्सनं ताईंच्या तोंडावर रबरी फुगा धरला आणि दाबायला लागली. तिचे हात भरून आले की मी दाबायची, माझे भरून आले की ती. खिडकीतून समोर बंगला दिसत होता, गेटापासून गच्चीपर्यंत माळांनी मढलेला. शिडीवर कोण? आमचे हे! मी फोन केला तसे शिडी टाकून बाजाराकडे धावले, तार जोडायला. लाइट आली. मशीन सुरू झालं. ताई नव्हत्या.

हे पक्कड हातात घेऊनच वर आले. मी म्हटलं, "माळा छान लावल्यात हो. इथून अगदी स्पष्ट दिसतात."

बोलायला नको होतं का? पण मी बोलले.

दुसऱ्या दिवशी साहेब भेटायला आले, मागे फोटो काढणारा. "ताई म्हणजे माझीच बहीण," म्हणाले. "जनतेचं दुःख तेच माझं दुःख." फोटो निघाला तसं दुःख संपलं. दारात चपला घालता घालता ह्यांना हळूच म्हणाले, "गेटावरची एक माळ बंद पडलीय. जरा बघून घे."

थू असल्या जिण्यावर! आणि आमचे हे काय म्हणाले असतील? "बघतो, साहेब." शिडी उचलली आणि निघाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परत आले तर मी विचारलं, "झाली का चाकरी? बहीण काल गेली, लाज नाही वाटत?"

हे खाली बसले. म्हणाले, "माळ लावली. आणि बंगला बाजाराच्या लाइनीवर टाकला. आता हॉस्पिटलची गेली की त्यांचीही जाणार." मग ताईंच्या शिलाई मशीनवर डोकं टेकून लहान पोरासारखे रडले.

त्याच आठवड्यात लाइट गेली आणि साहेब घामाघूम होऊन अंधारात बसले. काय धावपळ उडाली म्हणता! बाजारवाले वर्षानुवर्षं अर्ज करून थकले होते, ती लाइन बघता बघता नवी झाली. नवे खांब, नव्या तारा. हॉस्पिटलच्या दारात पाटी लागली, 'रुग्णांसाठी साहेबांची भेट'. उद्घाटनाला शेजारीण मला म्हणाली, "किती काळजी आहे बाई यांना गोरगरिबांची!" मी म्हटलं, "हो ना. स्वतःला घाम फुटला की लगेच वाटते."

पुढच्या निवडणुकीत साहेब पडले, नवे साहेब आले. त्यांचा बंगला शहराच्या दुसऱ्या टोकाला. खुर्ची गरम व्हायच्या आत त्यांचा माणूस आमच्या दारात. "साहेबांना वेगळी लाइन पाहिजे."

"देतो की," हे म्हणाले. तो गेल्यावर पक्कड शोधता शोधता मला विचारलं, "काय गं, तिकडेच कुठेतरी बाळंतिणींचा दवाखाना आहे ना?"