सड्यावर माझ्याच आवाजात आलेली हाक

"ओ देऊ नको! शालन, ओ देऊ नको गो!" डोक्यावरची बाजाची पेटी खाली टाकून मी असा ओरडलो की घार असती तर आभाळातून पडली असती. पण उशीर झाला होता. भाचीच्या तोंडून "काय मामा?" निघून गेलेलं होतं.

भर दुपार. सड्याचं पठार तव्यासारखं तापलेलं, आणि त्या उघड्या जांभ्या दगडावर आम्ही दोघं सोडलो तर चिटपाखरू नाही. मी पुढं, शालन मागं. हाक आली ती तिच्याही मागून, आणि ती माझ्या आवाजात होती. माझं तोंड मिटलेलं, तोंडात विडा, आणि पाठीमागून मीच माझ्या भाचीला बोलावतोय! एकदाच बोलावलं. आमच्याकडं पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो. दुसरं जे काही असतं, ते एकदाच बोलावतं. पण मामाच्याच आवाजाला ओ न देणारी भाची कुठून आणायची?

मी धावत गेलो. "काय झालं?" म्हणून विचारलं. शालननं तोंड उघडलं, ओठ हलले, मानेची शीर ताणली गेली. आवाज नाही. साधा खोकलासुद्धा नाही.

माझ्या बोलण्यातलं निम्मं लोक परस्पर कापून घेतात, हे मला माहीत आहे. मी गावच्या शनिवारच्या भजनाचा बुवा. माझा आवाज असा, की मी सड्यावर खाकरलो तर भाट्याच्या खाडीतली कालवं आपल्या शिंपल्यांची कवाडं लावून घेत. हे तुम्ही खुशाल कापा. पण या दुपारचं काही कापू नका.

शालन माझ्या बहिणीची मुलगी. बाप बोटीवर. तो सुट्टी संपवून गेला की ही पोर परसात बसून गाणी रचायची आणि स्वतःच चाल लावायची. मुंबईच्या टीव्हीवर नव्या गायकांची स्पर्धा निघाली, स्वतःचं गाणं स्वतः गायचं. मी तिला घेऊन गेलो आणि पहिल्या फेरीतून पोर पुढं गेली. दुसऱ्या फेरीच्या वेळी गावातल्या एकमेव टीव्हीसमोर एवढी गर्दी, की मास्तरांच्या ओटीचा चिरा निखळला. चित्रात नुसत्या मुंग्या दिसत होत्या, पण आवाज तिचा, स्वच्छ. आता शेवटची फेरी उद्यावर आलेली. तिचं नवं गाणं भातलावणीच्या बायका एका शेतातून दुसऱ्या शेतात हाका मारतात, त्यावरचं होतं. सुरुवातच एका लांबलचक हाकेनं. हातखंब्याला मुंबईची एस्टी गाठायची म्हणून आम्ही भर दुपारी सडा तुडवत निघालो होतो, आणि वाटेतच आवाज गेला.

मागं फिरलो ते थेट देवीच्या देवळात. दाजी गुरव नुकता नैवेद्य दाखवून बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "आवाज कुणाचा होता?"

"माझा."

"तुझा?" मग उठून त्यानं देवीला कौल लावला. फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दाजीनं गाऱ्हाणं घातलं, "पोरीचा आवाज हरवलाय, आई, वाट दाखव," आणि आम्ही बघत बसलो. एकही पाकळी हलेना. शालन खांबाला टेकून शांत बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, मी मात्र लहान मुलासारखा मुसमुसत होतो.

दाजी म्हणाला, "आई आज माझ्याशी बोलत नाय. तूच बोल. तुझ्यापेक्षा जास्त बोलणारा गावात हाय कोण?"

मग मी बोललो. इतक्या वर्षांत त्या गाभाऱ्यात मी जे जे मागितलं, ते खणखणीत आवाजात, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. त्या दिवशी मात्र कुजबुजलो, "माझा घे. तिचा दे." माझ्याकडं दुसरं होतं तरी काय? वारा नव्हता. समईची ज्योतसुद्धा सरळ उभी. उजवी पाकळी सुटली आणि खाली आली. शालनकडं पाहिलं, तर ती अजून मुकीच. माझा आवाज जागच्या जागी. दाजीनं अंगारा लावला आणि म्हणाला, "एस्टी चुकवू नका."

त्या प्रवासात शालन खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. मला तिचा रागच आला. आवाज गेलाय आणि ही झोपते! आज कळतं, की तिनं सगळी काळजी देवीच्या देवळात ठेवली होती, आणि मी ती उचलून बरोबर घेऊन चाललो होतो.

स्टुडिओत कार्यक्रमाच्या बाई माझ्यावरच उखडल्या. "अहो, मुलीचा आवाज बसलाय तर आणलीत कशाला?" मी म्हटलं, "बाई, उभी तर राहू दे." दिवे लागले. मी पेटीवर सूर धरला. शालन माईकसमोर उभी, डोळे मिटलेले. सगळं गप्प, आणि त्या शांततेत आमच्या मागून, जिथं नुसती भिंत होती तिथून, हाक आली. "शालन!"

माझा आवाज. माझं तोंड बंद. कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसानं ते काढलं आणि मागं वळून पाहिलं. "कोण बोललं?"

शालन वळली नाही. तिनं ओ दिली नाही. तिनं गाण्यातली हाक घातली, शेताच्या या बांधावरून त्या बांधापर्यंत जाणारी, आणि तो आवाज तिचा होता, पहिल्यापेक्षाही भरलेला. गाणं संपलं तेव्हा उखडलेल्या बाई पदरानं डोळे टिपत होत्या. मी "वा गो बाय!" म्हणायला तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली.

शालन पहिली आली. पुढं तिच्या गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या, आणि पार मंडणगडपासून लोक तिला ऐकायला येऊ लागले. माझा आवाज काही परत आला नाही. म्हणून तर हे लिहून सांगतोय. गुरं घेऊन जाणारे म्हणतात, भर दुपारी सड्यावर कुणीतरी अभंग म्हणतं, आणि तो थेट बुवाचा आवाज. मी तिकडं कान देत नाही. दिलेली वस्तू कुणी कशी वापरतं, ते पाहायला जाऊ नये. जन्मभर मी देवीला ऐकवत आलो. तिला ऐकायची पाळी आता माझ्यावर आली, आणि याबद्दल तिचे उपकार मानावे तेवढे थोडे.

पण मुंबईहून आलो त्या दिवशी एवढं शहाणपण नव्हतं. एस्टीतून उतरलो तो रडत देवळात गेलो. दाजी पखवाजाला कणीक लावत होता. मी सांडलेल्या अंगाऱ्यात बोटानं लिहिलं, "आईनं माझा आवाज घेतला. आता भजनात मी काय करू?"

दाजीनं वाचलं, कणकेचा हात धोतराला पुसला आणि म्हणाला, "शनिवारी झांजा घे."