खोरफक्कानचं बाक

काका आधी पायांकडे बघायचे. "खोरफक्कानला जायचंय, जरा माहिती द्या," असं म्हणत कुणी आलं की हे मान खाली घालून त्याच्या चपला न्याहाळत आणि म्हणत, "ह्या चालायच्या नाहीत. मऊ तळाच्या घाला. घाई करायची नाही, पण अकराच्या आत बाकावरून उठायचं."

शारजात आमची एसीच्या सुट्या भागांची लहानशी कंपनी. मी डिस्पॅचला बसते, ते डिलिव्हरीची व्हॅन चालवायचे. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणे, मी मराठी म्हणून काका. गुहागरकडचे. सव्वीस वर्षं आठवड्यातून दोनदा त्यांची गाडी डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्यावरच्या त्या जुन्या बंदराच्या गावी जायची. तुमच्याही ओळखीत असा एक जण असेलच, ज्याला विचारल्याशिवाय पाहुण्यांना कुठे नेता येत नाही. अल नहदातल्या आम्हा मराठी घरांना ते काका होते. भारतातून कुणाची आई आली, कुणाची नणंद आली की फोन त्यांना.

सल्ला ठरलेला असे. "शुक्रवारी नको, नमाजच्या वेळी बाजार बंद असतो. थंडीतच जा, उन्हाळ्यात काही अर्थ नाही. खांदे-गुडघे झाकलेले असू देत, शारजात ते बघतात. सकाळी ऊन समोरून येतं, गाडी चालवणाऱ्याला काळा चष्मा द्या. बोगदे संपत आले की धरण लागतं, तिथलं बाथरूम स्वच्छ आहे. लागली नसली तरी जाऊन घ्या. जुन्या बाजारात फरशी वरखाली आहे, हात धरून चाला. बुरूज खालूनही छान दिसतो, वर चढायलाच पाहिजे असं नाही."

एकदा आमच्या सेल्समधल्या पोराचं नवं नवं लग्न झालेलं. बायकोला घेऊन तो सल्ला घ्यायला आला. काकांनी त्या दोघांनाही सांगितलं, "निघताना गुडघ्यांना तेल चोळून घ्या." ती बिचारी लाजून लाल आणि आम्ही हसून बेजार. माझ्या लेकीने विचारलं, "काका, इज देअर वायफाय?" तर म्हणाले, "बाकावर बसल्यावर लागत नाही गो."

आता त्या बाकाचं सांगते. दुबई-शारजाच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर इराण. काकांना तो समुद्र आपला वाटत नसे. "आपल्याकडे तोंड करून बसायचं तर खोरफक्कानलाच जायला हवं," म्हणायचे. तिथे किनाऱ्यालगत, खजुराच्या झाडामागे एक बाक आहे. माल उतरवून झाला की दुपारी एकच्या सुमाराला ते तिथे बसून डबा खायचे. "नाकासमोर नाही बघायचं ताई, जरा उजवीकडे. तिकडे आमचं घर."

ते बोलत असताना एकदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पायऱ्या किती, बसायला कुठे, बाथरूम कुठे, हे सगळं तरुण जोडप्यांना कशाला हवं? मी विचारलं, "काका, गुडघे कुणाचे दुखतात?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आमच्या मंडळींचे."

सव्वीस वर्षं हा माणूस एकाच बाईच्या सहलीची तयारी करत होता, आणि तिच्याकडे पासपोर्टसुद्धा कालपरवा आला होता. तिने कधीतरी फोनवर विचारलं होतं, "तुम्ही तिकडे जेवता कुठे बसून?" त्यांना ते नीट सांगता आलं नाही. म्हणून तिला आणून त्याच बाकावर बसवायचं होतं, एवढंच. मी म्हटलं, फोटो पाठवा की. तर मान हलवली. "फोटो बघितला की माणूस म्हणतं, झालं बघून. मग येत नाही."

त्या थंडीत त्यांनी विषय काढला. दुबईतल्या इंटरनॅशनल सिटी वस्तीत ते सहा जणांत एका खोलीत राहायचे, तिथे बायकोला कसं ठेवणार? "ताई, आठ दिवस… तुमच्या हॉलमध्ये… ती जमिनीवर झोपते, त्रास नाही देणार." माझे सासू-सासरे यायचे होते. दोन खोल्यांचं घर. मी म्हटलं, "काका, पुढच्या थंडीत नक्की." ते लगेच म्हणाले, "हो हो, इन्शाल्ला, घाई काय आहे." आणि माझ्या सासूबाईंच्या चपला कशा आहेत ते विचारून घेतलं.

पुढच्या थंडीआधीच कंपनीने दोन व्हॅन काढून टाकल्या. काकांचं वय झालं होतं, व्हिसा पुढे वाढवला नाही. जाताना मला व्हॅनमधला काळा चष्मा देऊन गेले. आठ दिवस हॉलमध्ये एक गादी घालायची होती मला, तेवढं जमवलं नाही. ते अजून खातं मला.

यंदा डिसेंबरात मी मुलांना घेऊन खोरफक्कानला गेले. मऊ चपला, काळा चष्मा, धरणावरचं बाथरूम, सगळं काकांच्या शब्दाबरहुकूम. फक्त मुलांच्या आवराआवरीत उशीर झाला आणि बाकापाशी पोचायला एक वाजला. मनात आलं, काकू काही आता यायच्या नाहीत. निदान बाक तरी बघू देत. मी मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढला. बाक, खजूर, समुद्र, मग जरा उजवीकडे. काकांच्या नंबरवर पाठवला आणि खाली लिहिलं, "काकूंना दाखवा."

बाकावर टेकले आणि चटका बसून ताडकन उठले. झाडाची सावली पार समुद्राच्या बाजूला सरकली होती. बाक उन्हात भाजून निघत होतं, आणि हे तर थंडीचे दिवस.

घरी परतताना व्हॉइस मेसेज आला. काकूंचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "ताई, बघितलं हो. छान आहे समुद्र. ह्यांनी फोन माझ्याच हातात दिला, म्हणून मीच बोलते." मग म्हणाल्या, "ह्यांच्या डब्याच्या वेळेलाच काढलात ना हे? बाक तर उन्हात दिसतंय. मला तर हे सांगायचे, झाडाखाली गार सावलीत बसून जेवतो म्हणून."

मागे कुठेतरी काका खाकरले. "असते गो सावली," ते म्हणाले. "अकरापर्यंत असते."