संपतने निवडलेला आवाज

नंबर संपतचा होता, म्हणून फोन उचलल्या उचलल्या मी नेहमीसारखा ओरडलो, "कुठं मेला हुतास रं एवढं दिवस?" पलीकडून त्याचा थोरला भाऊ हळूच म्हणाला, "आरं... संपत गेला." कावीळ अंगावर काढली होती. वडूजहून साताऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. याला आता काही आठवडे झाले. असं काही लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि संपतच्या घरात संपत. कुठे चुकलं तर समजून घ्यावं.

सांगलीत आम्ही एका खोलीत राहायचो. संपतला जन्मापासून दिसत नव्हतं. पहिल्या वर्षी त्याची पुस्तकं मी वाचून दाखवायचो आणि मला वाटायचं, आपण बरं वाचतो. एकदा तो म्हणाला, "तू चांगलं वाचतूस गड्या. पण तुला कंटाळा आला की तुझा आवाज खाली बसतोय, मग मलाच बास म्हणावं लागतंय. एकदा तरी मला पोट भरस्तवर वाचायचंय." लॅपटॉप आला तो त्यासाठीच. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एक विकतचं सॉफ्टवेअर आम्ही थोड्या दिवसांच्या चाचणीसाठी घेतलं. त्यातली बाई फार गोड बोलायची. संपत तिला 'म्याडम' म्हणायचा आणि ती वाचायला लागली की मांडी सावरून बसायचा. परीक्षा तोंडावर आलेली असताना एका धड्याच्या मध्यावरच म्याडम गप्प झाल्या. चाचणीची मुदत संपली होती. पुढचे पैसे भरा, असं पडद्यावर आलं होतं, पण ते त्याला दिसणार कसं? मी खोलीवर आलो तेव्हा तो एकेक बटण दाबत बसला होता. "बघ रं, माझं काय चुकलं का?" म्हणाला.

मग वरच्या वर्गातल्या एकाने त्याला दुसरं सॉफ्टवेअर दिलं. फुकटचं. जगभरातल्या लोकांनी मिळून केलेलं, ज्याला जमेल त्याने आतून उघडून दुरुस्त करावं असं. आवाज मात्र घोगरा, डब्यात खडे हलवल्यासारखा. मला तो अजिबात आवडला नाही. त्याच सुमाराला एका ट्रस्टचे गृहस्थ संपतला विकतचं सॉफ्टवेअर वर्षभरासाठी घेऊन द्यायला तयार झाले. मी त्याच्या मागेच लागलो. आमची उंब्रजला उसाची शेती, आणि फुकट मिळालेल्या कशावर आमच्या घरात कुणाचा भरवसा नाही.

"फुकटचं ते फुकटचंच," मी म्हणालो.

"आवं बागायतदार, आमच्या माळावर शाळवाचं बी इकत कोण आणतंय? शेजाऱ्याकडनं आणायचं, पिकलं की मागंल त्याला द्यायचं. ते काय उगवत न्हाई व्हय?"

"आरं पण त्या बाईचा आवाज..."

"बाई ग्वाड हाय, पर दुसऱ्याच्या घरची. वरीस झालं की निघाली. मग म्या परत तुझ्या तोंडाकडं बघत बसू? तेबी दिसत न्हाई मला!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसत त्याने ट्रस्टच्या गृहस्थांना नको म्हणून कळवायला सांगितलं.

त्या घोगऱ्या आवाजातही खोट होतीच. तक्त्यातलं मराठी वाचताना तो ओळीच्या ओळी गाळायचा. संपतने ते बनवणाऱ्यांना कळवायचं ठरवलं. आमच्या दोघांचं इंग्रजी एकत्र करून कसंबसं एक पत्र झालं. त्यांना कुठे वेळ असणार, असं मला वाटत होतं. पुढे कधीतरी नवी आवृत्ती आली आणि ओळी गळायच्या थांबल्या. आणखीही कुणी कळवलं असेल, मला माहीत नाही. पण त्या संध्याकाळी संपतने भडंगाचा पुडा आणून सगळ्यांना वाटला. "म्या सांगितल्यालं कुणीतरी मनावर घेतलं रं," असं तो एकेकाचा हात धरून सांगत होता. त्याचं म्हणणं मनावर घेणारे लोक तोवर त्याला किती भेटले असतील... तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. नंतर तो वाचनाचा वेग वाढवतच गेला. मला नुसती मळणी चालल्यासारखी घरघर ऐकू यायची, आणि तो त्यात रमून मधेच एकटा हसायचा.

गेल्या रविवारी वडूजला जाऊन आलो. त्याची आई सोप्यात शेंगा फोडत बसली होती आणि शेजारी घडी घातलेल्या पोत्यावर लॅपटॉप चालू होता. तोच घोगरा आवाज, भरधाव. परीक्षेसाठी लावलेलं इतिहासाचं पुस्तक होतं, संपत थांबला होता तिथून पुढे चाललेलं. कुठलं बटण दाबायचं ते भावाने तिला दाखवून ठेवलंय. तिला अक्षरओळख नाही.

"काकी, काही कळतंय का? हळू करून देऊ?" मी विचारलं.

"नगं बाळा. त्यो असाच लावायचा." तिने शेंगेवरून नजर उचलली नाही. "अर्धं ऱ्हायलंय म्हनं त्याचं. हुंदे वाचून."

मी खाली बसलो आणि मूठभर शेंगा पुढ्यात ओढून घेतल्या.