दहापैकी किती

तेल अवीवच्या एका कॉलेजात उपकरणांची कपाटं माझ्या ताब्यात होती. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून मी अशी चालायची, की जणू प्रोफेसरांना पगार मीच देते. मुंबईची बीएस्सी ना! भौतिकशास्त्राच्या वर्गाला प्रकाशाची तीव्रता मोजायचं मीटर द्यायचं, मानसशास्त्राला आवाजाचं. सगळं काट्यावर. जवळच्या रामला शहरात घरी आले तरी खूळ उतरायचं नाही. आमटी तिखट झाली असं नवरा म्हणाला, की मी विचारायची, "कशाच्या मानाने?" बिचारा पाणी पिऊन पुढे जेवायचा.

त्यातच आईचं पोट दुखायला लागलं. आम्ही कोकणातले ज्यू. आई तिथल्या खेड्यातून आलेली, हिब्रू तिला प्रार्थनेपुरती. तेव्हा दवाखान्यात दुभाषी मीच. डॉक्टरांनी विचारलं, "एक ते दहामध्ये दुखणं किती?" मला कोण आनंद! शेवटी कोणीतरी शास्त्रशुद्ध विचारलं.

"आई, दहापैकी किती?"

"वाईच दुखतंय गो."

"वाईच म्हणजे? आकडा सांग."

"दहा म्हणजे काय?"

"दहा म्हणजे अजिबात सहन होत नाही."

"मग मी इथवर चालत कशी आले? दोन सांग. बाहेर बायका खोळंबल्यात."

आमच्याकडच्या जुन्या बायका दुखण्याचा बोभाटा करत नसत. सात बाळंतपणांच्या कळांनाही आई वाईचच म्हणायची. हे मला माहीत नव्हतं थोडंच? तरी मी डॉक्टरांना ठणठणीत आवाजात 'दोन' सांगितलं, वर 'बरोब्बर दोन' असंही म्हणाले. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

चारेक महिन्यांनी भूगर्भशास्त्राच्या वर्गात नकाशे पोचवायला गेले. मास्तर सांगत होते, भूकंप केवढा झाला ते यंत्र सांगतं. पण एखाद्या गावात तो किती जाणवला, ती तीव्रता वेगळी. ती कळायला गावात जावं लागतं. आणि तिथे लोकांना 'किती हललं?' असं विचारू नका. भित्रा वाढवून सांगेल, सोशीक कमी करून. विचारा, टांगलेला दिवा हलला का? फळीवरची भांडी पडली का?

नकाशांची गुंडाळी माझ्या हातातच राहिली.

प्रार्थनेच्या वेळी मलिद्याच्या गोड पोह्यांसाठी नारळ आई कधी कुणाला खवू द्यायची नाही, स्वतः विळीवर बसायची. गेल्या खेपेला म्हणाली, "तू खव गो, शीक जरा." मी फुशारले, की अखेर मला लायक समजली! चपला घालताना ती भिंत धरायची. घास ताटातच फिरवत राहायची. माझ्या डोळ्यांदेखत घरातली सगळी भांडी पडली होती, आणि बीएस्सीबाई दोनाचा आकडा धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना आकडा सांगितला नाही. नारळ, चपला, घास, एवढंच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तडक इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे कळलं, गाठ पसरली आहे. "चार महिने आधी आणलं असतं तर?" मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. "ते कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले. भले माणूस होते.

इस्पितळात एका दुपारी नर्सने तोच प्रश्न केला. आईने माझ्याकडे पाहिलं. "सांग तिला, वाईच."

"दहा," मी हिब्रूत म्हणाले.

नर्स इंजेक्शन आणायला वळली.

"काय सांगितलंस गो?"

"वाईच."

"हं."

सुई टोचल्यावर थोड्या वेळाने आईचा चेहरा सैल पडला. भुवयांमधली उभी रेघ हळूहळू पुसली गेली. ती रेघ मी तिचा स्वभावच समजत होते. आई जरा रागीट आहे, असं मैत्रिणींना सांगायचीही. रेघेखाली एवढा शांत चेहरा होता. तो मला पाच दिवस पाहायला मिळाला.