निंगोल चाकौबा, मुक्काम हट्टा

कलकत्त्याहून बी.ए. होऊन हट्ट्याला परतलो, तेव्हा वाटलं होतं, लोक माझ्याकडून स्वराज्याचं ऐकतील. पण पारावर बसलं की फर्माईश एकच: "त्या मणिपूरच्या तोंबाचं सांगा." सांगता सांगता किस्से इतके साचलेत, की कुठला आधीचा ते माझं मलाच आठवत नाही.

तोंबा माझा होस्टेलातला जोडीदार. मैतेई, वैष्णव, गळ्यात तुळशीची माळ. आणि पहिल्याच जेवणात त्याने माशाचा तुकडा पुढे ओढला!

हे मी दादांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. दादा माळकरी. बराच वेळ स्वतःची माळ चाचपत राहिले. मग म्हणाले, "माळ काढू नको म्हणावं त्याला. मासा सुटंल हळूहळू."

तोंबाला कळवलं. त्याचं उत्तर आलं: "दादांना इकडे पाठव. माळ राहील, मासा सुरू होईल."

*

एका दुर्गापूजेच्या सुट्टीत त्याच्या घरी इम्फाळला गेलो. महायुद्ध तेव्हा तिकडे पोचायचं होतं. आपल्या भाऊबिजेच्याच दिवशी त्यांचा निंगोल चाकौबा. निंगोल म्हणजे लेक, चाकौबा म्हणजे जेवायला बोलावणं. आपल्याकडे भाऊ बहिणीकडे जातो. तिकडे भाऊ रीतसर आमंत्रण धाडतो आणि सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी जेवायला येतात.

तोंबाची आई सकाळीच निघून गेली. तीही कुणाची लेकच! चुलीपाशी उरले तोंबा आणि त्याचे वडील. त्याच्या बहिणीने पहिला घास घेतला आणि भावाकडे पाहिलं.

"मीठ स्वस्त झालं का रे?"

*

त्या पंगतीत मानाच्या जागी तोंबाची म्हातारी आत्या बसली होती. पांढऱ्या वस्त्रात.

मी हळूच विचारलं, "विधवा ना? आजच्या दिवशी चालतं?"

तोंबाला प्रश्नच कळेना. पुन्हा विचारला, तेव्हा म्हणाला, "नवरा गेला तिचा. माहेर कुठे गेलं?"

मला नरसीची आमची आत्या आठवली. तिचा नवरा वारल्यापासून दादा भाऊबिजेला तिच्याकडे गेले नव्हते. तिने ओवाळायचं नाही, मग समोर बसून तिला अवघडवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी ते स्वतःही गोड खात नसत.

*

हट्ट्याला परतल्यावर पहिल्याच दिवाळीला मी दादांपाशी हट्ट धरला. तिकडे जाऊ नका, तिला इकडे बोलवा. दादा आत गेले आणि आमंत्रणाची पानसुपारी आणून माझ्या हातावर ठेवली.

ती घेऊन मी नरसीला गेलो.

"मी न्हाई ओवाळायची," आत्या म्हणाली.

"ओवाळायचं न्हाईच. नुस्तं जेवायचं."

"म्हंजे रांधायला बोलावून राहिला तुझा बाप."

"आईबी त्या दिवशी लेक म्हणून मामाकडं चालली. दादाच रांधणार."

आत्याने तोंडाला पदर लावला. "मग येते बाबा. गणपा चुलीपुढं बसलेला बघायलाच येते."

*

आली. दादांनी तिला स्वतः वाढलं. पिठलं, भाकरी, वर खीर. तिने ताट पुसून खाल्लं, पिठलं दोनदा मागून घेतलं.

मग दादा जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला थांबले.

"अक्का, पिठल्यात मीठच न्हाई की. बोलली काहून न्हाईस?"

आत्या हात धूत होती.

"अकरा वर्सांनी बोलावलंस गणपा. पहिल्याच साली कुठं नावं ठेवू? फुडल्या दिवाळीला ठेवते."